दंड भरला, पण सुटलात का?

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, गणपती विसर्जनानंतर किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या कट्ट्यावर एक सल्ला हमखास ऐकू येतो. कुणाला तरी रात्री पोलिसांनी उचललेलं असतं. तोंडाला वास येतो म्हणून दवाखान्यात नेलेलं असतं, दोन-चार कागदांवर सह्या झालेल्या असतात आणि आता कोर्टाची तारीख लागलेली असते. पोरगा घाबरलेला. मग कुणीतरी अनुभवी भाऊ खांद्यावर हात ठेवून सांगतो, ‘‘कायले टेन्शन घेतं बे! गुन्हा कबूल कर, दंड भर अन् मोकया हो.’’

सल्ला मनापासून दिलेला असतो. एका तारखेत काम होतं, वकिलाची फी वाचते, बाबांच्या कानावर जात नाही. पण त्या वाक्यातला शेवटचा शब्द खोटा आहे. न्यायाधीशांसमोर ‘गुन्हा कबूल’ म्हणणं ही ट्रॅफिकची पावती फाडणं नव्हे. ती दोषसिद्धी आहे. दंड कितीही किरकोळ असो, त्या क्षणी तुम्ही फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती ठरता. खिसा हलका होतो, पण माणूस मोकळा होत नाही.

आपल्या जिल्ह्यात याचं मोल जरा जास्तच आहे. वाशिम असो, रिसोड असो की मानोरा, पहाटे मैदानावर आणि डांबरी रस्त्याच्या कडेनं पोलीस भरतीसाठी, सैन्यभरतीसाठी धावणारी मुलंमुली दिसतात. दोन-दोन, तीन-तीन वर्षं घाम गाळायचा, लेखी परीक्षा काढायची आणि मग चारित्र्य पडताळणीच्या अर्जात एक रकाना समोर येतो : आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? कधी शिक्षा झाली आहे काय? त्या रकान्यात काय लिहायचं, हे कट्ट्यावरच्या एका सल्ल्यानं आधीच ठरून गेलेलं असतं.

म्हणून आज थोडं स्पष्ट बोलू. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन सापडल्याचा आरोप झाला, तर बचाव करता येतो. बचाव करणं म्हणजे खोटं बोलणं नाही आणि ‘सेटिंग’ लावणं तर मुळीच नाही. सरकारनं आरोप केला आहे, तो सरकारनं कायद्याच्या रीतीनं सिद्ध करावा, एवढंच म्हणणं म्हणजे बचाव. पण त्यासाठी आधी आपल्यावर आरोप कोणता आहे, हे तरी माहीत हवं.

एक दारू, तीन कायदे

आपल्या राज्यात मुळात दारूबंदीचाच कायदा आहे, हे ऐकून अनेकांना हसू येतं. पण ते खरं आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. पोलिसांच्या बोलीत ‘मदाका’. या कायद्याच्या नजरेतून दारू पिणं हा हक्क नाही, परवान्यानं मिळालेली सूट आहे. बिअरसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असल्याशिवाय परवाना मिळत नाही. पदवीच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेकांना तो मिळूच शकत नाही, हे आधी लक्षात घ्या.

या कायद्याचं कलम ८५ तीन वेगवेगळ्या गोष्टींना गुन्हा म्हणतं. रस्त्यावर किंवा लोकांचा वावर असलेल्या जागी स्वतःला सावरता येणार नाही इतकं पिऊन असणं, ही पहिली. नशेत गैरवर्तन करणं, म्हणजे आपल्या बातम्यांच्या भाषेत ‘धिंगाणा घालणं’, ही दुसरी. आणि परवाना नसताना किंवा परवान्याला पात्र नसताना प्यालेल्या अवस्थेत सापडणं, ही तिसरी. ‘‘मी तर गुपचूप चाललो होतो, कुणाला एक शब्द बोललो नाही,’’ हा बचाव दुसऱ्या प्रकाराला चालेल. एकोणीस वर्षांच्या मुलाला तिसऱ्या प्रकारातून तो वाचवत नाही. याशिवाय कलम ६६(१)(ब) आहे. परवान्याशिवाय दारू पिणं हाच तिथं गुन्हा आहे, मग जागा सार्वजनिक असो की नसो.

दुसरा कायदा भारतीय न्याय संहितेचा. १ जुलै २०२४ पासून तो देशभर लागू आहे. त्याच्या कलम ३५५ मध्ये नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन लोकांना त्रास देण्याची शिक्षा आहे : २४ तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. जुन्या भारतीय दंड संहितेत याच गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त दहा रुपये होता. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे.

तिसरा मोटार वाहन कायदा. कलम १८५. गाडी चालवताना १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. बाइक असो की मालेगाव-कारंजाकडून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरची कार, नियम एकच.

या तिघांत पुरावा वेगळा लागतो, शिक्षा वेगळी होते आणि बचावही वेगळा असतो. त्यामुळे समन्स हातात आलं की पहिलं काम : कलम वाचा. ‘दारूची केस आहे’ एवढ्यानं भागत नाही.

आरटीओ साहेबांची जीप

वासावरून माणूस दोषी ठरतो का? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका जुन्या खटल्यानं दिलं आहे. २९ मे १९५१ ची रात्र, मुंबई. एका जीपनं तिघांना जखमी केलं. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका आणि ते होते मुंबई विभागाचे प्रभारी आरटीओ! तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांचं म्हणणं, आपण औषधी टॉनिक घेतलं होतं आणि त्यात अल्कोहोल असतं. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना दारूबंदीच्या गुन्ह्यात दोषी धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अल्कोहोल असलेल्या औषधांवरची बंदी त्याआधीच, १९५१ मध्ये बलसारा खटल्यात रद्द झाली होती. तेव्हा पोटात गेलं ते बंदी असलेलं मद्यच होतं, हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर आहे, असं न्यायालयानं १९५४ मध्ये बहुमतानं सांगितलं. नुसत्या वासानं ते सिद्ध होत नव्हतं. पेसिकाका सुटले.

सरकार गप्प बसलं नाही. १९५९ मध्ये कायद्यात वैद्यकीय तपासणी आणि रक्ताच्या चाचणीची सविस्तर व्यवस्था आली. आज कलम ६६(२) म्हणतं की, आरोपीच्या रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलीलिटरला ५० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असल्याचं सिद्ध झालं, तर ते औषधातून आलं हे आता आरोपीनं दाखवायचं. पाहा, पारडं फिरलं. पण ते फिरतं कधी? रक्ताचा आकडा कोर्टात ‘सिद्ध’ झाल्यावरच. सगळा खेळ त्या एका छोट्या बाटलीपाशी येऊन थांबतो.

त्या बाटलीचा प्रवास

रक्त कसं घ्यायचं, याचे १९५९ चे नियम बारकाईनं लिहिलेले आहेत. नोंदणीकृत डॉक्टरनंच ते घ्यायचं. घेताना कुठंही अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. आपण इंजेक्शन घेताना दंडावर जो स्पिरिटचा बोळा फिरतो, तोच इथं चालत नाही. किमान पाच सीसी रक्त घ्यायचं. बाटलीत रक्त गोठू नये आणि सडू नये म्हणून ठरलेली द्रव्यं असली पाहिजेत. बाटलीवर लेबल, झाकणावर लाखेचं सील, सोबत ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म आणि त्यावर त्याच सीलचा ठसा. आणि हे सगळं सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचलं पाहिजे.

यातली प्रत्येक पायरी हा तुमच्या वकिलानं विचारायचा प्रश्न आहे. त्वचा कशानं पुसली? बाटलीत काय होतं? सील कुणाचं? दवाखान्यातून प्रयोगशाळेत जाईपर्यंत बाटली कुणाच्या ताब्यात होती आणि कुठं ठेवली होती? आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती बाटली टेबलावर पडून राहिली असेल तर? कितव्या दिवशी पोहोचली? अहवालावरचं नाव, तारीख, फॉर्मचा नंबर जुळतात का? पायरी चुकली की आपोआप सुटका, असं मात्र समजू नका. चूक किती मोठी आणि तिचा निकालावर काय परिणाम होतो, हे न्यायाधीश ठरवतात. पण विचारलंच नाही, तर त्यांनी ठरवायचं तरी काय?

रक्त तपासलंच नाही तर? बचुभाई करियानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये म्हटलं की, तोंडाला वास, झोकांड्या, अडखळतं बोलणं, मोठी झालेली बुबुळं एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असा पक्का निष्कर्ष काढता येत नाही. त्या खटल्यात रक्त-लघवीची तपासणी झालेली नव्हती. याला वैद्यकीय आधारही आहे. मधुमेही माणसाची साखर एकदम घसरली की तो बरळतो, लडखडतो. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूसही ‘टाइट’ दिसतो. असा आजार असेल, औषधं चालू असतील, तर डॉक्टरला त्याच वेळी सांगा आणि लिहून घ्यायला लावा. सहा महिन्यांनी कोर्टात सांगितलं की ते पळवाटेसारखं वाटतं.

मात्र एक इशारा. धिंगाण्याच्या आरोपात साक्षीदार बोलतात आणि हल्ली तुमचेच दोस्त बोलतात. टेबलावर चढून नाचतानाची रील, पोलिसाशी हुज्जत घालतानाचा लाइव्ह व्हिडिओ, रात्री दोनचं स्टेटस. आपणच आपल्याविरुद्ध पुरावा तयार करून तो पाचशे फॉलोअर्सना वाटायचा आणि मग वकिलाला विचारायचं, ‘‘काही होईल का?’’

रात्री ठाण्यात

पकडलं की पहिली ऊर्मी पळून जायची किंवा ‘तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे’ म्हणायची. दोन्हींनी प्रकरण चिघळतं. पोलिसाला ढकललं तर किरकोळ केस जाते आणि सरकारी कामात अडथळ्याची केस बसते. तसंच पाचशेची नोट पुढं करणं हा वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा आहे.

रक्त द्यायला नकार देऊ नका. मदाका कलम १२९-अ प्रमाणे पोलीस तुम्हाला डॉक्टरकडे नेऊ शकतात आणि प्रतिकार केल्यास आवश्यक तेवढं बळ वापरू शकतात. मोटार वाहन कायद्यात तर विनाकारण दिलेला नकारच तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. त्याच कायद्यात तुमच्या बाजूचीही एक तरतूद आहे. कलम १८५ खाली अटक झाली, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. नाही झाली, तर सोडून द्यावं लागतं. म्हणून वेळ लक्षात ठेवा. किती वाजता अडवलं, किती वाजता ठाण्यात आणलं, किती वाजता डॉक्टरसमोर बसवलं. मोबाइल काढून घेतला असेल, तर सुटल्यावर पहिलं काम म्हणून एका कागदावर हे सगळं लिहून काढा. आठवण आठवड्यात पातळ होते, कागद होत नाही.

अटकेचं कारण विचारा आणि लेखी मागा. वरळीतल्या २०२४ च्या अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतील. लगेच शक्य नसेल, तर निदान कोठडीसाठी न्यायाधीशांपुढे नेण्याच्या दोन तास आधी तरी. मुंबईतल्या महागड्या गाडीच्या प्रकरणातून आलेला हा नियम मंगरूळपीरच्या बसस्टँडवर पकडलेल्या पोरालाही तेवढाच लागू आहे. तो त्यानं मागितला पाहिजे, एवढंच.

घरी कळवणं हा तुमचा हक्क आहे. वकिलाशी बोलणं हा हक्क आहे. गुन्हा जामीनपात्र असेल तर पोलिसांनी तसं सांगायला हवं. २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायला हवं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी मुलीला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक स्थिती असेल, तर महिला अधिकाऱ्यानं न्यायाधीशांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अकरावी-बारावीतले, १८ पूर्ण न झालेले मित्र सोबत असतील तर त्यांना लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. सही करण्याआधी कागद वाचा. कोऱ्या कागदावर सही नको. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा ‘‘कबूल कर, लगेच सोडतो’’ या शब्दावर विसंबू नका. पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच दिले आहेत. तुमच्याशी गैरवर्तन झालं असेल किंवा तुम्ही शुद्धीत नीट उभे होता हे दाखवायचं असेल, तर ते चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज वकिलामार्फत लवकर करा.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी तर फारच खरी. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता आणि कमी उत्पन्न असलेल्या इतरांनाही तो आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. देशभरासाठी फोन नंबर १५१००. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

कबुली द्यायचीच असेल तर

आता सरळ प्रश्न. खरंच प्यालो होतो, रक्ताचा आकडा जास्त आला, कागद चोख आहेत. मग काय करायचं?

मग कबुली देणं चुकीचं नाही. उलट कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. फक्त ती घाईनं, पोलीस शिपायाच्या किंवा कट्ट्यावरच्या भाऊंच्या सांगण्यावरून नको. आधी वकिलाला तीन गोष्टी विचारा. माझ्यावरचं कलम नेमकं कोणतं आणि पुरावा खरोखर किती पक्का? समाजसेवेची शिक्षा मागता येईल का? आणि १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा माझ्या प्रकरणात वापरता येईल का? या कायद्यात न्यायाधीश पहिल्यांदाच चुकलेल्याला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडू शकतात. त्यातल्या कलम १२ नुसार असं सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दंड भरून बाहेर पडलेल्याला हे संरक्षण नसतं. फरक एका अर्जाचा असतो आणि तो अर्ज शिक्षेआधी करायचा असतो.

पुढं अर्जात तो रकाना आला की लपवू नका. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की, किरकोळ प्रकरणातली तरुणपणीची चूक नोकरी देणारा दुर्लक्षित करू शकतो. पण विचारलेली माहिती दडवली, तर ते दडवणंच नोकरीवर बेतू शकतं. पोलीस भरतीसारख्या ठिकाणी कसोटी जास्त कडक असते. थोडक्यात, केस झाल्यानं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती लपवल्यानं होतं.

‘दारुड्यांना वाचवायला शिकवता काय?’

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. आपलं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं आहे. बाबांनी गावोगावी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. राज्यभर गावच्या बायांनी मतदान करून बाटली ‘आडवी’ केली आहे. दारूनं या विदर्भातली किती घरं बसवली, हे कॉलेजातल्या पोरांना कुणी सांगायची गरज नाही. अनेकांनी ते घरातच पाहिलंय.

पण कायद्याचा कडकपणा आणि पुराव्याचा चोखपणा या दोन विरोधी गोष्टी नाहीत. उलट आहे. आठवा, २००२ चं वांद्र्याचं प्रकरण. सत्र न्यायालयानं दोषी ठरवलेला सलमान खान १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयात निर्दोष सुटला. सरकारी पुराव्यातल्या ज्या त्रुटींवर न्यायालयानं बोट ठेवलं, त्यात रक्ताच्या नमुन्याचा प्रवासही होता. राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण धडा तिथंच आहे. आठवा, १९ मे २०२४ ची पुण्यातली पहाट. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच ससून रुग्णालयात बदलला गेल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली.

दोन्हीकडे मुद्दा तोच, रक्ताची बाटली. तिच्या सीलची, नोंदीची, ताब्याची शिस्त ढिली असली की ज्याच्याकडे पैसा आणि मोठा वकील आहे, तो त्या ढिलाईतून बाहेर पडतो. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, तो त्याच ढिलाईत कबुली देऊन दंड भरतो. गरीब पोरानं ‘बाटली सात दिवसांत पोहोचली का?’ असं विचारणं ही दारूची वकिली नाही. त्या प्रश्नामुळे पुढच्या वेळी बाटली वेळेत पोहोचते आणि मग खरा दोषी, मग तो कुणाचाही मुलगा असो, सुटत नाही.

पोलिसांनाही हे सोयीचंच आहे. सणासुदीला नाकाबंदी करणं त्यांचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण कारवाईचं यश किती केसेस केल्या यावर मोजायचं की किती केसेस पुराव्यावर टिकल्या यावर? कबुलीवर निघालेल्या केसमध्ये तपास कसा होता, हे कधी तपासलंच जात नाही. ठाण्यात अटकेच्या कारणांचा मराठी कागद, वेळांची नीट नोंद, आरोपीला १५१०० नंबर दिसेल असा फलक, हे मागायला फार पैसा लागत नाही. कॉलेजांनीही व्यसनमुक्तीच्या रॅलीसोबत एनएसएसच्या शिबिरात एक तास कायद्याचा ठेवावा. घोषणा देऊन झाल्या की वकिलाला बोलवा, प्रश्न विचारू द्या.

आणि आपल्या वाटचं? ज्या रात्री प्यायला असाल, त्या रात्री किल्ली हातात घेऊ नका. इथं कुठलाही बचाव सुचवायचा नाही. कोर्टात एखादं सील तुटलेलं सापडेल, तारीख चुकलेली सापडेल, सुटकाही होईल. पण रिसोड रोडवर सायकलनं घरी निघालेला माणूस मेला, तर तो कोणत्याही निकालानं परत येत नाही. मित्र प्यायला असेल तर त्याची किल्ली काढून घ्या. भांडण झालं तरी चालेल, ते सकाळी मिटतं.

बाकी ज्याच्यावर आरोप आला आहे, त्यानं घाबरू नये आणि घाईही करू नये. कागद मागा, कलम वाचा, वकिलाला भेटा, घरी खरं सांगा. बाबा रागावतील. पण तारखेच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर तुमच्याशेजारी तेच बसलेले असतील. त्यानंतर न्यायाधीश ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारतील, तेव्हा जे उत्तर द्याल ते तुमचं स्वतःचं, समजून-उमजून दिलेलं असू द्या. ते ‘हो’ असेल किंवा ‘नाही’. पण ते कट्ट्यावरून उसनं आणलेलं नसावं.